करडाची आंघोळ

चंदनी साबणाचा वास आला की लोकांना देवघर आठवतं, लग्नघर आठवतं; मला मात्र एक भुकेलं तोंड आठवतं. कुणा पाहुण्याच्या रुमालातून तो शीतल, सात्त्विक परिमळ दरवळू लागला, की मी नकळत आजूबाजूला पाहतो, इथे कुणी उपाशी तर नाही ना? इतक्या सोज्ज्वळ सुगंधाने माणसाने घाबरावं, याला काय म्हणावं? पण या भयाला कारण आहे, आणि त्या कारणाचं नाव मैना. मैना ही आमची शेळी.

मी तेव्हा चिमूरजवळच्या एका जंगलकाठच्या गावात मास्तर होतो. चौकात नुकताच एसटीडीचा बूथ लागला होता, आणि गावाला त्याचा मोठा अभिमान होता. घरात मी आणि माझी पत्नी सुमन, दोघंच. दुधासाठी शेळी पाळावी ही कल्पना माझी, आणि शेळ्यांविषयीचं अज्ञानही सर्वस्वी माझंच. त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नव्हता. पाला टाकला की दूध मिळतं, एवढंच माझं शेळीशास्त्र! पण गाभण मैना दारात बांधली गेली आणि माझी मनःशांती दावं तोडून पळाली. ती भराभर खाऊ लागली की वाटे, हिला बाधणार. थांबली की वाटे, हिला बाधलं. रवंथ करता करता तिने डोळे मिटले, तर मी तिच्या नाकाशी हात धरून श्वास पाहत असे. चिंता म्हणजे मायेचंच एक रूप, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घाली. आता वाटतं, ती मायेची थोरली, अडाणी बहीण असावी. घरातली सगळी कामं अंगावर घेणारी आणि एकही धड न करणारी.

माघातल्या एका सकाळी, धुकं अजून पळसांच्या फांद्यांत अडकलेलं असताना, मैना व्याली. सुमन पाण्याला गेली होती. करडू भुईवर आपटेल या भीतीने मी अंगातला सदरा काढून झोळीसारखा धरला, आणि तो ओला, चिकट, थरथरता जीव त्यात अलगद उतरला. वास्तविक माझं काम तिथेच संपलं होतं. करडू मैनेपुढे ठेवायचं आणि बाजूला सरायचं, एवढंच उरलं होतं. पण नवजात म्हटल्यावर तेल चोळणं, कढत पाण्याने न्हाऊ घालणं, शेगडीवर ओव्याची धुरी देणं, हा सोहळा मी शेजारपाजारच्या घरांतून किती वेळा पाहिलेला! आमच्या घरी तो योग तोवर आला नव्हता. तेव्हा हौस तरी का राहू द्यावी? मी पाणी तापवलं, अहेरात आलेली ठेवणीतली चंदनी वडी फोडली, आणि पाटावर बसून, पाय लांब करून, करडाला असं काही न्हाऊ घातलं की एखाद्या सुईणीने पाहत राहावं. मग धुरी दिली. कानामागे काजळाची तीटही लावली. माखलेला सदरा खांद्यावर टाकून मी तो गंधित पुत्र मैनेपुढे ठेवला.

मैनेने त्याला हुंगलं, ती दोन पावलं मागे सरली आणि तिने त्याला ढुशी दिली. ते कोलमडलं, उठलं, पुन्हा तिच्या पोटाकडे धडपडलं. पुन्हा ढुशी.

सुमन घडा घेऊन दारात आली. तिने साबणाचं पाणी पाहिलं, काजळ पाहिलं, मला पाहिलं. "काऊन जी, मी पानी आनाले गेली, तेवढ्यात तुमी हे करून ठेवलं?"

कुंपणापलीकडून जुलेखाबी आल्या. त्यांच्या नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, आणि हसणं हे त्यांचं प्रत्येक संकटावरचं पहिलं औषध. "गुरुजी, हे बकरीचं पिल्लू हाय का नवरदेव? मायनं वळखावं तरी कसं त्याले?" मग करडाच्या तोंडात बोट घालून त्यांनी पाहिलं आणि हसू आवरलं. "तोंड गार लागून राह्यलं. पोटात चीक नाई गेला तर दुपार नाई निघनार."

व्यायल्यावरचं ते पहिलं, घट्ट दूध मैनेच्या सडांत भरून उभं होतं, आणि ज्याचं ते होतं तो हातभर अंतरावर कुडकुडत होता. यापरतं क्रूर अंतर कोणतं असेल? मी पिळायला बसलो, तर मैनेने वाटीतच पाय घातला. जुलेखाबींनी करडाच्या पाठीला गूळ चोळला. मैनेने गूळ मन लावून चाटला आणि तो संपताच ढुशी दिली. मी बूथवर धावलो. तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांकडे घंटी वाजत राहिली, उचललं कुणी नाही. परत आलो तेव्हा करडू उठण्याचा प्रयत्नही करत नव्हतं.

मैना मात्र माझ्याकडे येऊ लागली. दावं ताणून, मान लांबवून, घशातल्या घशात हळुवार, खालच्या सुरात ती मला काही सांगू लागली, माझा खांदा चाटू लागली. मला भरून आलं. म्हटलं, "पाहा, इतकं होऊनही तिने मला क्षमा केली."

सुमन मैनेच्या जिभेकडे बघत होती. "अवो, ते तुमाले नाई बोलून राह्यली. सदऱ्याले बोलून राह्यली."

तिने माझ्या खांद्यावरचा तो वाळत आलेला, माखलेला सदरा ओढला, करडाला त्यात गुंडाळून पाठीवर बाह्यांची गाठ मारली आणि त्याला मैनेच्या पायांशी ठेवलं. मैनेने हुंगलं. मी डोळे मिटून घेतले. ढुशी पाहायचं धैर्य माझ्यात नव्हतं. आवाज आला तो चाटण्याचा, जाड सुती कापडावर खरखरीत जिभेचा. मी डोळे उघडले. कॉलर चाटून झाली, बटणं चाटून झाली, आणि मग कापडाबाहेर आलेलं ते चंदनी डोकं. तिथे ती थबकली. पुन्हा हुंगलं. आणि चाटू लागली.

करडू गुडघ्यांवर उठलं. तोंडाने चाचपत पुढच्या पायांत शिरलं, पोटापाशी गेलं, चुकलं, पुन्हा चुकलं. सड त्याच्या गालाला लागत होता, ओठाला मिळत नव्हता. माझा हात आपोआप पुढे झाला.

"थांबा जी," सुमन कुजबुजली, "आता हात नोका लावू."

किती सोपं वाक्य, आणि किती अवघड! ज्याला आपण जपायला निघालो त्याच्यापासून आपलेच हात दूर ठेवणं, हे सारं शेळीपालन त्या सकाळी मला शिकायचं होतं, आणि मला ते येत नव्हतं. मी दोन्ही हात काखांत घट्ट दाबून धरले. जुलेखाबी हसल्या नाहीत. सदऱ्याच्या मागच्या टोकाखाली काहीतरी हललं, थांबलं, आणि मग, तोंडाला दूध लागलं की हलतं तसं, ते इवलं शेपूट थरथर थरथर हलू लागलं. तरी मी हात काढले नाहीत.