नेरूळ ते वाशी : एका महिन्याचा पास

अक्काचं पत्र आलं आणि मी साताऱ्याहून एस.टी. पकडली. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. नेरूळला लोकल येऊन फार वर्षं झाली नव्हती. अक्काचे यजमान, आमचे दाजी, वाशीच्या बाजारात गोण्या वाहणारे माथाडी. ते वाशीलाच दवाखान्यात होते. मी नेरूळला अक्काच्या घरी उतरलो. रोज दुपारी तिच्याबरोबर डबा घेऊन जायचं ठरलं.

पहिल्या दिवशी जाण्या-येण्याचं तिकीट वेगवेगळं काढलं आणि दोनदा रांगेत ताटकळलो. दुसऱ्या दिवशी रिटर्न. तिसऱ्या दिवशी कूपनं घेतली. चढण्याआधी कूपनावर स्टेशनातल्या यंत्रात शिक्का मारायचा; विसरलात, तर खिशात कूपनं असूनही तुम्ही विनातिकीट! एक-दोन दिवसांच्या पाहुण्याने रिटर्नच काढावं. मुक्काम लांबणार असेल तर पास, आणि तीन महिन्यांचा पास महिन्या-महिन्याने काढण्यापेक्षा स्वस्त पडतो.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. "महिना निघाला तरी पुष्कळ."

अक्काने माझा हात धरला. "ह्यांना कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला."

माणसापासून त्याचं सत्य लपवणं हा त्याचा अपमान आहे, असं मी व्यासपीठांवरून गरजत आलो होतो. तरी मी होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पासाच्या खिडकीवर उभा राहिलो.

"महिन्याचा की तीन महिन्यांचा?"

मागचा गृहस्थ म्हणाला, "काका, तीनचा घ्या ना. फायद्यात पडतो."

"महिन्याचा," मी म्हणालो.

दुपारी दाजींनी नेहमीची चेष्टा सुरू केली. "काय पाव्हणं, आज तिकीट का कूपन?"

"आज पास!" मी म्हणालो. बोलायला विषय मिळाल्याचा मला आनंदच झाला होता.

"बघू." त्यांनी पास बराच वेळ उजेडाकडे धरला. "चार आण्यासाठी भाजीवालीला भाषण देणारं तुमी. तीन म्हैन्याचा सोडून ह्यो का घेतला?"

मी पास परत घ्यायला हात पुढे केला.

"म्हैनाच म्हणला व्हय डाक्टर?"

आमटी वाढणारा अक्काचा हात थांबला. "आवो, काय बी काय बोलताय?"

"रडू नगं. गावाकडं घर बांधलं, त्यात एक रात झोपलो न्हाई. मला तिकडं न्या."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी जीप केली. खंबाटकीचा घाट ओलांडल्यावर त्यांनी काच खाली करायला लावली आणि साताऱ्यापर्यंत ती वर करू दिली नाही. त्या घरात त्यांना एकोणीस दिवस मिळाले. उभ्या संसारात बोलले नसतील एवढं ते त्या दिवसांत अक्काशी बोलले.

दिवसकार्य उरकल्यावर अक्का मला म्हणाली, "माझी शपथ न मोडता तू त्यांना बरोब्बर सांगितलंस. तीन महिन्यांचा काढला असतास, तर ते त्या खाटेवरच गेले असते."

मी ते मुद्दाम केलं, असं तिला आजही वाटतं. तसं नव्हतं, मी फक्त महिन्याचा हिशोब केला होता. सत्यावर त्यानंतर मी शेकडो भाषणं केली. अक्काला मात्र हे अजून सांगितलेलं नाही.