तिसरी बॅच

कॉलेजच्या खो-खो संघात मला सगळ्या 'कॉन्व्हेंट' म्हणायच्या. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यात मी फारसं बोलत नसे, त्यामुळे ते नाव चिकटलंच. कॅप्टन तेवढी मला बाळ म्हणायची. ती मोहोळची, माझ्याहून एका वर्षाने पुढे. सरावानंतर डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी न विचारता माझ्या हातावर ठेवायची.

विद्यापीठाचा संघ निवडणारे आमच्याकडे फक्त अंतिम सामन्याला येतात. साखळी सामन्यांत कोण किती पळलं, ते त्यांच्या कानावरही जात नाही. मला त्या संघात जायचं होतं. घरी माझा खो-खो म्हणजे परीक्षेपर्यंतचं खूळ होतं; विद्यापीठाची जर्सी घरात आली असती तर तो विषयच मिटला असता.

अंतिम सामन्याआधी कॅप्टनने माझ्या बुटाची नाडी स्वतः घट्ट बांधली. म्हणाली, "आज तू तिसऱ्या बॅचमदी. तुला राखून ठेवायचं हाय. शेवटाला तूच लागणार की."

पळणाऱ्या तिघी-तिघी उतरतात. आधीच्या तिघी बाद झाल्या तरच पुढच्या. साखळीत मी कायम पहिल्या बॅचला असे. तरी तिचं म्हणणं ऐकून मला अभिमानच वाटला.

दोन्ही डावांत कॅप्टन पहिल्या बॅचला उतरली आणि खांबाभोवती सुरेख पळाली. दोन्ही वेळा दुसरी बॅच आत असतानाच वेळ संपली; माझी पाळी आलीच नाही. पाठलागात मी बसले होते, खोही मिळाला. पण माझी खरी ओळख पळण्याची. आम्ही जिंकलो. माइकवर विद्यापीठ संघाची नावं आली, त्यात तिचं पहिलं. माझं आलंच नाही.

आमचे प्रशिक्षक सर जवळ आले. "पाय दुखत होता तर मला येऊन सांगायचंस. कॅप्टनकडून काय निरोप पाठवतेस?"

मी खाली पाहिलं. नाडीची गाठ तशीच घट्ट होती.

परतताना बसमध्ये तिने नेहमीसारखी शेजारची जागा धरली होती. "हितं बस की. पुढच्या साली तुजं नक्की." डबा उघडून तिने भाकरी मोडली. "खा बाळ. लई दमलीस."

"दमले नाही मी," मी म्हणाले. "आणि पाय बरा आहे माझा."

पुढच्या सीटवरून कुणीतरी हसलं, "कॉन्व्हेंटला वाचा फुटली गं."

कॅप्टन हसली नाही. पुढे केलेली अर्धी भाकरी तिने हळूच परत डब्यात ठेवली. मी मागे जाऊन बसले.