भाकरीला टेकायला जागा

नाचणीची भाकरी जरा करपली, की मला वैशाखरे गावाजवळच्या पाड्यावरची ती सकाळ आठवते. आमच्या कंपनीने दिलेली कमी धुराची चूल बायका का वापरत नाहीत, हे शोधायला मी गेले होते. घरच्या बाई प्रत्येक प्रश्नाला ‘ब्येस हाय चूल’ म्हणत होत्या, आणि त्याच चुलीवर टोपलीत त्यांची कोंबडी अंडी उबवत होती! पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून चाललेलं ते गोड बोलणं होतं. मी वही मिटली आणि शेजारी बसून नुसती बघत राहिले. बाईंनी जुन्या मातीच्या चुलीवर भाकरी शेकली, मग चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून त्यांच्यासमोर ती उभी टेकवली. भाकरी टम्म फुगली. आमच्या चुलीला पुढे फक्त लाकूड जाईल एवढं भोक होतं. मी तिकडे बघतेय म्हटल्यावर बाई हसल्या, ‘तिथं भाकर टेकवू कुठं, ताई?’ ऑफिसात भांडून मी चुलीचं तोंड मोठं करून घेतलं आणि नवी चूल घेऊन पुन्हा गेले. भाकरी फुगताच बाई शेजारणीला म्हणाल्या, ‘बघ गो, ही चूल मी करून घेतली.’ त्यात माझं नावही नव्हतं, आणि माझ्या कामाचं याहून मोठं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.