रिकाम्या कॅरियरचं वजन

आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं मी. भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही कोणी सांगायला लागलं की चार उलटे प्रश्न विचारून त्याला गप्प बसवायचो. नातेवाइकांत माझी ‘खडूस मास्तर’ म्हणून ख्याती आहे. तेव्हा हे मीच लिहितोय म्हटल्यावर काही जण हसतील. हसू द्या.

निमित्त नातवाचं. तो मित्रांबरोबर कोकणात सायकलवर फिरून आला. समुद्राच्या कडेकडेने रस्ता, मधेमधे थांबून शहाळं, सोलकढी... मोबाईलवर फोटो दाखवत म्हणाला, “आजोबा, तुमच्या वेळी होतं का असं काही?” होतं की. फक्त समुद्र नव्हता. पण पाणी पिण्याचं निमित्त करून मी आत गेलो.

आमचं गाव कामरगाव. आज वाशिम जिल्ह्यात आहे, पण पन्नासच्या दशकात आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. मी मॅट्रिकला होतो. वडिलांनी कारंज्याहून एक जुनी सायकल आणून दिली होती. रविवारी सकाळी निघायचं, धनजला जायचं, तिथल्या हॉटेलात भजे खायचे, चहा प्यायचा आणि दुपारपर्यंत परत. काम काही नाही, नुसतं फिरणं. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकडी आणि दारासमोर निंबाचं झाड. मालक महादेवराव कढईसमोर बसून रस्त्यावरच्या प्रत्येक माणसावर नजर ठेवून असत.

मागे कॅरियरवर नेहमी दामू. शेजारचा, माझ्याच वर्गातला. (नाव बदललं आहे.) त्याच्याकडे सायकल नव्हती, आणि माझी दुसऱ्याच्या हाती द्यायला माझं मन होत नसे. म्हणून चालवायचो मी, बसायचा तो. गडी हाडापेरानं मजबूत. परतताना नाल्यानंतर एक लांब चढ लागायचा. तिथे दामू न सांगता खाली उतरायचा, कॅरियरला दोन्ही हात लावून सायकल मागून ढकलायचा आणि माथा आला की धावत येऊन, चालत्या सायकलवर उडी मारून बसायचा. सायकल अशी डुलायची की दर वेळी माझ्या शिव्या खायचा.

एका रविवारी त्याच्या मायनं मला दारातच सांगितलं, “काल रातपासून अंग तापलं बापा त्याचं.” दामू खाटेवर गोधडी घेऊन पडला होता. मला पाहून म्हणाला, “तू जाय. मले नाही जमत आज.”

“जाऊ मंग?”

“जाय न. माह्या वाटचे भजे खाऊन घेजो.”

मी निघालो. गल्लीच्या टोकाला वळताना मनात आलं — बरं झालं, आज सायकल हलकी जाईल. एवढंच. तोंडातून शब्द काढला नाही. पण मित्र तापानं फणफणलेला असताना मला बरं वाटलं होतं, हे खरं आहे. आणि तेच मला आजवर खातंय.

सायकल हलकी गेलीच नाही. गावाबाहेर पडलो तोच पॅडल जड. वाटलं, हवा कमी असेल. उतरून मागचं चाक दाबून पाहिलं, दगडासारखं टणक होतं. साखळी पाहिली, ब्रेक पाहिला. सगळं ठीक. वर बसलो की पुन्हा तेच... दामू मागे बसल्यावर लागतो तेवढाच जोर. धनजला पोचलो तेव्हा सदरा घामानं भिजला होता.

निंबाखाली सायकल लावून आत बसलो. महादेवरावांनी भज्यांची प्लेट ठेवली आणि बाहेर पाहत म्हणाले, “दामू आत काहून नाही येऊन राह्यला? भांडले काय तुमी?”

“तो नाही आला आज. ताप आहे त्याले.”

“मंग तुह्या मांगून उतरला थो कोण? सायकलीपाशी उभा हाय न.”

मी वळून पाहिलं. सायकलीपाशी कोणीच नव्हतं. म्हातारा गंमत करतोय म्हणून मी हसलो. पण ते हसले नाहीत. निंबाकडे पाहत झारा हातात धरून बसून राहिले. मी अर्धे भजे तसेच टाकले आणि उठलो.

परतीचा रस्ता तसाच जड. नाला ओलांडून चढाला लागलो आणि... सायकल एकदम हलकी झाली. नुसती हलकी नाही, ती वर जात होती. मी पॅडल मारणं थांबवलं, तरी जात होती. मागून रेटा बसतोय हे सीटखाली कळत होतं. मागे पाहिलं. रस्ता रिकामा, दोन्हीकडे कपाशीची पऱ्हाटी, डोक्यावर लख्ख ऊन. आणि माथ्यावर येताच सायकल डुलली, कॅरियर करकरलं आणि पॅडल पुन्हा जड झालं.

कसाबसा दामूच्या दारात आलो. त्याची माय ओट्यावर बसून डोळे पुसत होती. “तू गेला न, त्याच्यामांगंच शुद्ध हरपली त्याची,” ती म्हणाली. “हाका मारू मारू थकलो. आमी त आस सोडली व्हती. आत्ताच डोये उघडले पोरानं.”

आत दामू घामानं निथळत पडला होता, जणू तोच सायकल चालवून आला होता. माझ्याकडे पाहून थोडा हसला आणि झोपला. मी तिथेच रडलो. मायला वाटलं मित्राच्या काळजीनं रडतोय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे मी सगळी गणितं मांडून पाहिली. वारा मागून असेल, मन खात असेल, महादेवरावांची नजर अधू झाली असेल. वाऱ्यानं सायकल चढेलही एखाद वेळी, पण वारा माथ्यावर उडी मारून कॅरियरवर बसत नाही. उत्तर काही जुळलं नाही, आजही जुळत नाही.

दामू पूर्ण बरा झाला. एका रविवारी मी त्याच्या दारात सायकल उभी केली आणि म्हणालो, “चाल, बस.”

त्यानं कॅरियरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता.

“नको बे,” तो म्हणाला. “सायकल जड जाते तुले.”

“कोण म्हणलं असं?”

“कोणी नाही,” म्हणाला आणि चालायला लागला. मी सायकल हातात धरून धनजपर्यंत त्याच्यासोबत पायी गेलो. वाटभर तो नेहमीसारख्याच गप्पा मारत होता. त्यानंतरही कितीतरी वेळा मी त्याला बस म्हटलं. तो कधीच बसला नाही.