रेशन कार्डावरचं नाव

वहिनीचं नाव रेशन कार्डावरून कमी झालं त्या दिवशी आईनं गल्लीत पेढे वाटले. घटस्फोटाचा निकाल आला तेव्हा वाटले नव्हते. कोर्टाच्या कागदावर तिचा भरवसा नव्हता. रेशन कार्डावर नाव नाही म्हणजे माणूस घरातून गेलं, एवढा तिचा कायदा. भाऊही तसलाच. वाळूजच्या कंपनीत मशीनवर काम करणारा, तिथं बारीकशी चूक त्याला खपायची नाही. घरच्या कागदांच्या बाबतीत मात्र आईचाच मुलगा. कार्ड माझ्यापुढे नाचवत म्हणाला, "झालं सगळं. पीडा गेली."

सगळं झालं नव्हतं. लग्नानंतर मोटरसायकलवरून पडून त्याचा पाय मोडला होता आणि वहिनीनं त्याचं सगळं अंथरुणात केलं होतं. तेव्हा गहिवरून त्यानं मृत्युपत्र केलं. त्यात लिहिलं, "माझ्या मागे मुकुंदवाडीचं घर हिला." आणि तिचं पूर्ण नाव, अगदी माहेरच्या आडनावासकट. पुढे मूल होईना. आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला आणि भाऊ खाली मान घालून जेवत राहिला. शेवटी घटस्फोट झाला, ती पैठणला माहेरी गेली. तडजोडीत दागिन्यांपासून भांड्यांपर्यंत सगळं लिहिलं गेलं. मृत्युपत्राची आठवण एकालाही झाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ कामावरच छातीत कळ येऊन गेला. तेराव्याला वहिनी आली. आईनं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. जाताना तिनं मला दारात गाठलं.

"ताई, घर त्यांनी माझ्या नावानं लिहिलेलं हाये. ते कधी मोडलं नाय त्यांनी. मागून कळण्यापेक्षा मीच सांगते."

मला तिचा राग आला नाही. भावाचा आला, तोही त्याच्या फोटोला हार घातलेला असताना.

वकिलांनी कागद वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घटस्फोटानं लग्न संपलं. मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही, ते त्यांनीच रद्द करायला हवं होतं. नाव इतकं स्पष्ट लिहिलंय. भांडायचं तर भांडा, पण मी खोटी आशा दाखवणार नाही."

"आणि हे मृत्युपत्र नसतंच तर?"

"बायको नाही, मूल नाही. सगळं आईचं."

आता आमच्या शहाणपणाची गोष्ट. घर मुळात वडिलांचं. ते गेल्यावर तिघांची नावं लागली. तेव्हा आईनं माझ्यामागे हक्कसोडपत्राचा धोशा लावला. आमच्यात बहिणीनं हिस्सा सोडायचा आणि भावानं साडीचोळी करायची, ही रीत. हिस्सा मागणारी बहीण भावाची वैरीण ठरते. "लिहून दे, बाई. घर काय कुठं पळून चाललंय व्हय? आपलंच राहतंय," आई म्हणाली, आणि माझ्याबरोबर तिनंही आपल्या हिश्शावर अंगठा उमटवला. मला मोतिया रंगाची साडी मिळाली. दोन धुण्यांत विटली.

वहिनीनं दिवाळीपर्यंत मुदत दिली. घर विकून तिला पैठणला दोन खोल्या घ्यायच्या होत्या. तिच्या जागी मी असते तर एवढीही मुदत दिली नसती. दिवाळी झाली तशी मी रिक्षा घेऊन आईला न्यायला गेले. ती तुळशीच्या कुंडीपाशी बसली होती, उठायचं नाव घेत नव्हती.

"लेकीच्या घरी राहू व्हय मी? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी पेढे खाल्लेत ना? म्हणू दे काय म्हणायचं ते." मला बोलायचं नव्हतं, पण गेलं तोंडातून.

ती उठली. मी तिची ट्रंक रिक्षात चढवली. कुंडी तिनं मांडीवर घेतली. रिक्षा स्टेशनाजवळ आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझा हिस्सा असता तर एक खोली तरी हातात राहिली असती. तू तर शिकलेली ना गं? मग सही कशाला केली?"

रजिस्ट्री कचेरीत माझा हात अडला होता. पेन तिनंच माझ्या बोटांत धरवलं होतं.