गायकवाड काकांचे दोन राउटर

दुरुस्तीला घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर गायकवाड काका लाल पाटी अडकवायचे. ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ खाली सही. हयात कंपनीच्या टूलरूममध्ये गेली, तिथली ही सवय. पिंपळे गुरवमधल्या त्यांच्या घरी मी वरच्या खोलीत भाड्यानं राहायला गेलो, तेव्हा मिक्सरवर पाटी होती, मोरीच्या नळावर होती. एकदा तापानं मी दिवसभर पडून होतो, तर संध्याकाळी माझ्या दाराच्या कडीला पाटी लटकत होती आणि काका आत येऊन विचारत होते, “काय इंजिनियर, पेज खाणार का?”

मी भूमजवळच्या एका गावातला. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिलाच. चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला लागलो, पण मीटिंगमध्ये तोंड उघडायची भीती वाटायची. काका संध्याकाळी पायरीवर बसवून घ्यायचे. आज काय बिघडलं, तू काय केलंस, मग काय झालं, सगळं सलग सांगायला लावायचे. “एका वेळी एकच बदल करायचा. आणि केला की जाऊन बघायचं. बसल्या जागी ‘झालं असेल’ म्हणायचं नाही.” त्या पायरीवर मी बोलायला शिकलो. हे त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, “बरं, मग चहा टाक.”

त्यांच्या पत्नी शालनमावशी एके काळी गायन पार्टीत गायच्या. जयंतीच्या दिवसांत पिंपरीपासून मोशीपर्यंत कार्यक्रम असत. मावशी गायला, काका ढोलकीला. त्या कार्यक्रमांच्या कॅसेट्स एका पत्र्याच्या पेटीत भरून ठेवलेल्या होत्या. मी राहायला गेलो तेव्हा मावशींना विसर पडायला लागला होता. पुढं त्या गॅस चालू ठेवून बाहेर जाऊ लागल्या. काकांचं एक दिवसाआड डायलिसिस. दोघांचं निभेना, तेव्हा मुलगी मनीषाताई नाशिकहून आल्या आणि आईला घेऊन गेल्या. ताईंच्या दोन खोल्यांत दोन आजारी माणसं मावणार नव्हती. रिक्षात बसताना मावशी काकांना म्हणाल्या, “येते हं भाऊ.” काकांनी हात केला. मग आत येऊन नळाचा वायसर बदलला.

त्यानंतर त्यांनी कॅसेट प्लेअर जुन्या कॉम्प्युटरला जोडला आणि एकेक गाणं त्यात उतरवू लागले. ताई दिवसभर नोकरीवर. मावशींना सांभाळायला येणाऱ्या बाईंना टॅबवर फक्त एक बटण दाबता यावं, आणि त्या बटणासरशी पिंपळे गुरवच्या कॉम्प्युटरमधलं त्या दिवशीचं गाणं नाशिकला वाजावं, एवढंच त्यांना हवं होतं. मावशींना आता चेहरे ओळखू येत नव्हते, पण स्वतःची गाणी त्या अजून गुणगुणायच्या. तेही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

“काका, सगळी गाणी भरून पेन ड्राइव्ह पाठवून देऊ,” मी म्हणालो.

“पेन ड्राइव्ह पाठवला की विषय संपला. मी इथं रोज एक चढवणार, तिनं तिथं ते रोज ऐकायचं. तेवढं रोजचं जाणं-येणं राहील.”

घरात दोन राउटर होते. एक इंटरनेटवाल्यानं दाराजवळ बसवलेला. त्याची रेंज माझ्या खोलीपर्यंत येत नव्हती, म्हणून काकांनी त्याला जोडून आत दुसरा लावला होता. कॉम्प्युटर त्या आतल्याला जोडलेला. गुरुवारी मला सुट्टी असायची. दुपारी आम्ही आतल्या राउटरमधून बाहेरच्यांसाठी वाट उघडली, माझ्या फोनवर गाणं लावलं, वाजलं. काकांनी लगेच नाशिकला फोन लावला.

“बाबा, इथं नुसतं गोल फिरतंय,” ताई म्हणाल्या.

काका माझ्याकडं बघून म्हणाले, “आपण घरात बसून आपलीच बेल वाजवतोय राव. बाहेर जा.”

मी बसस्टॉपवर गेलो, वायफाय बंद केलं. काकांचा फोन आला. “लागलं का?”

“नाही.”

“कुठं उभायस?”

“स्टॉपवर.”

“मग परत ये. बस पकडू नको.”

चूक कळायला संध्याकाळ झाली. बाहेरून येणारी मागणी आधी दाराजवळच्या राउटरकडं यायची. त्यानं ती आतल्याकडं पाठवायची, आतल्यानं कॉम्प्युटरकडं. आम्ही फक्त आतल्यालाच सांगून ठेवलं होतं. दाराजवळच्याला काही माहीतच नव्हतं. त्यालाही सांगितलं, मी पुन्हा स्टॉपवर गेलो, आणि हॉर्नच्या गोंगाटात मला मावशींचा आवाज ऐकू आला. खणखणीत, ओळखू न येण्याइतका तरुण.

आठवडाभर वाजलं. पुढच्या गुरुवारी बंद. पुन्हा जोडलं, पुन्हा आठवडाभर वाजलं, पुन्हा गुरुवारी बंद. इंटरनेटवाला फोनवर म्हणायचा, “बंद करून चालू करा.” काका म्हणायचे, “ते मला माझ्या किडनीला पण सांगता येतं.”

गुरुवारी सकाळी आमच्याकडं दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात. या पट्ट्यात राहणाऱ्याला त्यात विशेष काही वाटत नाही, म्हणून आमच्याही ते लक्षात आलं नाही. वीज परत आली की दाराजवळचा राउटर आतल्या राउटरला नवाच क्रमांक द्यायचा, आणि आम्ही आखलेली वाट जुन्या क्रमांकाशी जाऊन थांबायची. कळल्यावर काम सोपं होतं. आतल्या राउटरचा क्रमांक कायमचा बांधून टाकला. काका डायलिसिसहून नुकतेच आले होते, भिंतीला टेकून बसले होते. “आता मेन स्विच पाड,” म्हणाले. पाडला, परत चढवला, स्टॉपवर गेलो. वाजत होतं.

त्या संध्याकाळी ताईंचा फोन आला. काकांनी स्पीकरवर टाकला.

“आई ऐकतेय, बाबा. मघाशी विचारत होती, ढोलकी कोण वाजवतंय म्हणून.”

“मग?”

“मी सांगितलं, बाबा वाजवतायत. तर म्हणाली, कोण बाबा? मग म्हणाली, कुणी का असेना, बरा वाजवतो.”

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, “इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा म्हणाली बघ.”

काका गेले ते दवाखान्यातच, मशीनवर असताना. मी शिफ्टमध्ये होतो. फोन आल्यावर सुपरवायझरला सलग सांगितलं, काय झालं आणि मला का जायचंय. गेलो, सह्या केल्या, विहारात कळवलं, मांडववाल्याला जागा दाखवली. ताई एकट्याच आल्या. आईला प्रवास झेपला नसता आणि काय सांगायचं हेही ठरत नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. सगळे गेल्यावर मी खुर्च्या मोजून गाडीत चढवल्या आणि अंगण झाडलं. ताईंनी किल्ली माझ्याकडं ठेवली.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला. “बाई सांगत होत्या, आई जेवली की टॅबकडं बघत बसते. जुनं लावलं तर मान फिरवते. नवीन काही आहे का रे?”

मी संध्याकाळी खालचं घर उघडलं. प्लेअरमध्ये एक कॅसेट अर्ध्यावर थांबलेली होती. कॅसेट उतरवून घ्यायची तर वाजेल तितका वेळ बसावंच लागतं, घाई करता येत नाही. पहिल्यापासून लावली आणि काकांच्या खुर्चीत बसलो. मावशी गात होत्या. खाली ढोलकी चालू होती. मला काही वाटत नव्हतं, फक्त बसायचं होतं. गाणं संपलं, चढवलं आणि ताईंना कळवलं.

ताईंनी स्वतःच बटण दाबलं असावं. थोड्या वेळानं फोन आला.

“ऐकलं का मावशींनी?” मी विचारलं.

“ऐकलं. अख्खं. म्हणाली, आज उशीर केला त्यानं.”