आईबरोबर मोडलेला उपास

ईस्टरआधीचा लेंट लागला की आमच्या घरात चाळीस दिवस मटण-मासळी बंद. शिवाय दर शुक्रवारी संध्याकाळी सातच्या प्रार्थनेपर्यंत पोटात अन्नाचा कण नाही. प्रार्थना झाली की पेज, भाजलेला पापड आणि लोणच्याची फोड. परळच्या आमच्या मजल्यावर कुणाचा सोमवार असतो, कुणाची चतुर्थी. पण साबुदाणा नाही की वरी नाही, असा कडक उपास फक्त आमचा. लहानपणी मला त्याचा केवढा तोरा होता!

हा उपास खरा आईचा. अंगात ताप असतानाही तिने शुक्रवार सोडलेला मला आठवत नाही. पण परवाच्या वर्षी उपाशीपोटी शुगर उतरली आणि ती ओट्यापाशीच कोसळली. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, यापुढे उपास बंद, दुपारी बाराला जेवायचं आणि गोळी घ्यायची. गेल्या वर्षी लेंट आला तसा तिचा चेहरा उतरला. मी तिला बजावलं, "नाटकं नकोत हं." माझं तोंडच फटकळ, काय करणार.

पहिल्या शुक्रवारी पप्पा चर्चला गेले होते, दादा कामावर. मी शुक्रवारी घरूनच काम करते. आईचं ताट वाढलं, तर ती भाताकडे बघत बसून राहिली.

"सगळे उपाशी आणि मी एकटीच गिळत बसू? घशाखाली उतरत नाही गं."

मी खूप ओरडले. मग रागारागात दुसरं ताट घेतलं आणि तिच्यासमोर बसून जेवले. "हे बघ, मोडला माझा उपास. आता जेव मुकाट्याने. आणि पप्पांना सांगितलंस तर बघ!"

ती पोटभर जेवली. मला चोरी केल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. पुढच्या शुक्रवारीही आम्ही तेच केलं.

तिसऱ्या शुक्रवारी प्रार्थनेआधी मी सहज तिची शुगर तपासली. मशीनवर तीनशेच्या वर!

"आई, काय खाल्लंस तू?"

"काही नाही गं."

"खोटं बोलू नकोस, तेही लेंटमध्ये!"

तेवढ्यात दादा पुटपुटला, "दोनला मी येऊन गेलो. तू आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होतीस." तो कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कामाला आहे, बाइकवर दहा मिनिटांचा रस्ता. "म्हटलं, ही उपाशीच बसली असेल. इडल्या आणल्या. दोघांनी खाल्ल्या. दर शुक्रवारी खातो."

मी पप्पांकडे बघितलं. शुक्रवारी पाणीही न पिणारा माणूस! ते भिंतीकडे बघत म्हणाले, "पाचला चहा आणि खारी. तू फिरायला जातेस तेव्हा. एकटी खात नाही ना ती."

मग मीही माझं ताट कबूल केलं.

आई हसत होती की रडत होती, कळेना. "मी तरी काय करू? जो तो म्हणतो, कुणाला सांगू नकोस. जेवलेय म्हटलं असतं, तर कुणाबरोबर ते सांगावं लागलं असतं. उपास तर गेलाच होता, म्हटलं निदान शब्द तरी पाळू."

आम्ही तिला जपता जपता आजारीच पाडत होतो. मला इतकं रडू आलं की शेवटी तिनेच मला पाणी दिलं.

मग प्रार्थना. पप्पा दरवेळी सुरुवात करतात, "प्रभू, उपासाला बळ दिलंस." त्या दिवशी म्हणाले, "प्रभू, आज आम्ही चौघंही..." आईनेच वाक्य पुरं केलं, "जेवलो. आमेन."

यंदा डॉक्टरांना विचारून वेळ ठरवली. लेंटच्या शुक्रवारी एक वाजता पप्पा चर्चहून येतात, दादा गोदामातून, आणि आम्ही चौघं उघडपणे एकदाच जेवतो. आईचं ताट आधी वाढतो. ती प्रत्येकाकडे बघत अगदी सावकाश पहिला घास उचलते. तो तिच्या तोंडात जाईपर्यंत आमच्यापैकी कुणी भाताला हात लावत नाही. आता तेवढाच आमचा उपास.